निकॉन डी३१०० की कॅनन ११००डी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन्ही कॅमेरे मी गेली काही वर्षं आलटून पालटून वापरतो आहे. डी३१०० माझा, ११००डी बहिणीचा. पण तिचा कॅमेरा वर्षातले सहा महिने माझ्याच कपाटात असतो. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायला निघालेली माणसं या दोन नावांपाशी येऊन हमखास अडतात आणि मग तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर समजावून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

हे कॅमेरे कधीचे? त्यांची आपसात तुलना होऊ शकते का?

अगदी होऊ शकते. निकॉन डी३१०० ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला, कॅनन ११००डी फेब्रुवारी २०११ मध्ये. दोन्ही आपापल्या कंपनीच्या सर्वांत खालच्या पायरीवरचे, म्हणजे पहिल्यांदाच डीएसएलआर हातात घेणाऱ्यासाठी काढलेले. ११००डी काही देशांत ‘रेबेल टी३’ आणि जपानमध्ये ‘किस एक्स५०’ या नावाने विकला गेला. बॉडीवर यातलं नाव दिसलं तर बिचकू नका, कॅमेरा तोच आहे.

निकॉन १४.२ मेगापिक्सेलचा, कॅनन १२.२ चा. म्हणजे निकॉन सरसच ना?

दोन मेगापिक्सेलचा फरक ऐकायला मोठा वाटतो. फोटोच्या मापात पाहा: निकॉनचा फोटो ४६०८ × ३०७२ पिक्सेलचा, कॅननचा ४२७२ × २८४८ चा. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापलं तर निकॉनची लांब बाजू साधारण १५.४ इंच भरते आणि कॅननची १४.२. इंचाहून थोडाच जास्त फरक. एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

मग फोटोत फरक दिसतो तरी कुठे?

सावलीत. एरवी चांगल्या उजेडात दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं नाही, तर मीही चुकतो.

एकदा मुद्दाम करून पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर काळा लोकरी कोट टाकला, खिडकीतून ऊन येऊ दिलं आणि ट्रायपॉड न हलवता दोन्ही कॅमेऱ्यांनी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो काढले. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) बाहेरच्या उन्हाप्रमाणे धरलं, त्यामुळे कोट दोन्हीकडे काळाठिक्कर. मग संगणकावर सावली तीन स्टॉप, म्हणजे आठपट, वर उचलली. निकॉनच्या फोटोत लोकरीची वीण दिसायला लागली, थोडे रंगीत दाणेही आले. कॅननच्या फोटोत वीण दिसली, पण तिच्यावरून अस्पष्ट आडवे पट्टे गेलेले, धुतलेल्या फळ्यावर ओला फडका फिरवल्याच्या खुणा राहतात तसे. दाणे सॉफ्टवेअरने घालवता येतात, पट्टे घालवणं जिकिरीचं.

गंमत म्हणजे कागदावर कॅनन पुढे आहे. त्याची रॉ फाइल १४ बिटांची, निकॉनची १२ बिटांची. पण सेन्सरवरून (फोटो टिपणाऱ्या चिपवरून) माहिती वाचतानाच जो गोंगाट मिसळतो, तो जास्त बिटांनी मोजला म्हणून कमी होत नाही. कमी खुणांच्या पण स्वच्छ पट्टीने मोजावं की बारीक खुणांच्या पण मळक्या पट्टीने, असला हा प्रश्न.

आता हेही सांगतो की तीन स्टॉप सावली उचलणं हे रोजचं काम नाही. जेपेगच (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेले फोटो) काढणार असाल आणि संगणकावर फारसं काही करणार नसाल, तर हा फरक तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. तेव्हा नजरेत भरेल तो रंगांचा फरक. कॅननचे जेपेग त्वचेला किंचित उबदार, तांबूस झाक देतात आणि माणसांचे चेहरे त्यात मला जास्त आवडतात. निकॉनचे मूळ रंग थोडे थंड आणि सरळ. पण दोन्हीकडे मेनूत जाऊन हे बदलता येतं, म्हणून रंगांवरून भांडायला मी जात नाही.

कमी उजेडात कुठला बरा?

कॅननची आयएसओ ६४०० पर्यंत जाते. निकॉनची ३२०० पर्यंत, आणि त्यापुढे ‘हाय’ नावाखाली १२८०० पर्यंत ओढता येते. ही वरची टोकं दोन्हीकडे शोभेचीच. मी दोन्हींवर १६०० पर्यंत निर्धास्त असतो, ३२०० नाइलाज म्हणून, त्यापुढे कधीच नाही. खरा उपाय आयएसओमध्ये नाही, लेन्समध्ये आहे. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी) ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी. एफ/१.८ ची लेन्स लावली की तिच्यातून दहापट उजेड आत येतो.

लेन्सच्या बाबतीत कुणाकडे जावं?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स राहते.

कॅननचं सोपं आहे. १९८७ पासून निघालेली कुठलीही ईएफ लेन्स आणि २००३ पासून निघालेली कुठलीही ईएफ-एस लेन्स ११००डीवर बसते आणि ऑटोफोकस करते, कारण फोकसची मोटर पहिल्यापासून लेन्सच्या आतच आहे. लेन्सवरच्या लाल ठिपक्याला किंवा पांढऱ्या चौकोनाला बॉडीवरची तशीच खूण जुळवायची आणि फिरवायची. डोकं लावावं लागत नाही.

निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९५९ पासूनचा. त्याचं कौतुक करताना लोक एक गोष्ट विसरतात: डी३१००च्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुन्या ‘एएफ’ आणि ‘एएफ-डी’ लेन्स बॉडीतल्या मोटरने, एका स्क्रूने फिरायच्या. त्या इथे बसतात, एक्स्पोजरही बरोबर येतं, पण फोकस हाताने करावा लागतो. ऑटोफोकस हवा असेल तर लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघा. दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्समध्येही आतली मोटर आहे का ते विचारूनच घ्या.

मी स्वतः इथे तोंडघशी पडलो आहे. ५० मिमी एफ/१.८ची ‘डी’ लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून हरखून घेतली, घरी येऊन लावली, तर स्क्रीनवर नुसतं ‘एफ-ई-ई’ लुकलुकायला लागलं आणि शटर दबेना. कॅमेरा बिघडला म्हणून तासभर घाम फुटला. नंतर कळलं की लेन्सवरची ॲपर्चर रिंग (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारं कडं) सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर, फिरवून लॉक करायची असते. ती केली आणि कॅमेरा सुरू झाला. ऑटोफोकस मात्र नव्हताच. चूक माझीच, लेन्सच्या नावातलं एक अक्षर वाचलं नव्हतं.

दुसरं एक अक्षर याहून घातक आहे: ‘एएफ-पी’. या निकॉनच्या नव्या लेन्स, हलक्या आणि झटपट. दिसायला हुबेहूब किट लेन्ससारख्या. पण डी३१००शी त्यांचं जुळत नाही. यात हाताने फोकस करण्याचीही पळवाट उरत नाही, कारण त्यांची फोकस रिंग काचेला थेट जोडलेली नाही, ती फक्त मोटरला निरोप पाठवते. बसेल पण चालणार नाही, असा प्रकार.

पहिली जास्तीची लेन्स कुठली घेऊ?

निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स, विचार न करता. २००९ ची लेन्स आहे आणि या कॅमेऱ्यावर तिची नजर फुल-फ्रेमच्या (फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या) साधारण ५२ मिमीइतकी होते, म्हणजे घरात, रस्त्यावर, माणसांसाठी सगळीकडे चालणारी.

कॅननवर सगळे ५० मिमी एफ/१.८ सुचवतात. लेन्स उत्तमच, पण सेन्सर लहान असल्याने, १.६ च्या क्रॉपमुळे, ती ८० मिमीसारखी वागते. छोट्या खोलीत समोरच्याचा नुसता चेहरा मावतो आणि तुम्ही भिंतीला टेकलेले असता. चेहऱ्यांसाठीच हवी असेल तर घ्या, आणि १९९० ची जुनी ‘२’ आवृत्ती सोडून २०१५ ची एसटीएम (शांत मोटरची) घ्या. जुनीचा फोकस गिरणीसारखा घरघरतो आणि अंधारात मागे-पुढे चाचपडत बसतो. रोजच्यासाठी ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम मला जास्त पटते. बिस्किटाएवढी जाड आहे.

आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स आहेत. त्या चालतील?

इथे कॅनन बाजी मारतो, आणि कारण शुद्ध भूमितीचं आहे. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर कॅननमध्ये ४४ मिमी, निकॉनमध्ये ४६.५ मिमी. जुन्या पेचाच्या एम४२ लेन्सना ४५.४६ मिमी लागतं. कॅननवर उरलेल्या दीड मिमीत एक पातळ धातूचं कडं, म्हणजे ॲडॅप्टर, बसतं आणि लेन्स अनंतापर्यंत फोकस करते. निकॉनवर ती आधीच एक मिमी लांब जाऊन बसते. मग जवळचं फूल टिपता येतं, लांबचा डोंगर कायम धूसर. त्यावर भिंग असलेले ॲडॅप्टर मिळतात, पण साध्या भिंगामुळे चांगल्या लेन्सची रया जाते.

याच हिशेबाने निकॉनच्या लेन्स कॅननवर लागतात. कॅननच्या निकॉनवर नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सना ४२ मिमी अंतर लागतं, म्हणून त्या ११००डीवर साध्या कड्याने चालत नाहीत. घरच्याच लेन्स घरच्याच कॅमेऱ्याला परक्या!

ॲडॅप्टरने लावलेल्या लेन्सवरही ११००डी ॲपर्चर प्रायॉरिटीत (ॲपर्चर तुम्ही ठरवायचं तो मोड) उजेड मोजतो आणि शटर स्वतः निवडतो. डी३१०० चिप नसलेल्या लेन्सवर मीटरच बंद करतो, त्यामुळे एम (सगळं हाताने) मोडमध्ये अंदाजाने फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचा, पुन्हा काढायचा. दहा-बारा फोटोंत अंदाज बसतो, पण पळत्या मुलामागे हे जमत नाही.

निकॉनच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. १९७७ च्या आधीच्या, एआय (बॉडीला ॲपर्चर कळवणारी जोडणी) नसलेल्या निकॉन लेन्स महागड्या निकॉन बॉडींवर लावल्या तर माउंटजवळचा छोटा खटका मोडू शकतो. डी३१००वर तो खटकाच नाही, त्यामुळे त्या बिनधास्त बसतात. आणि हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागून फोकस बसल्याचं सांगतो. कॅननवर हे सुख हवं तर चिप बसवलेला ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

दोन्हींबरोबर १८-५५ मिमी किट लेन्स मिळते. ती सारखीच ना?

जवळपास. पण कॅनन घेताना लेन्सच्या तोंडावर ‘आयएस’ लिहिलंय का बघा. ११००डीबरोबर आयएस नसलेली ‘३’ आवृत्तीही विकली गेली आहे. हात हलल्याची भरपाई लेन्समध्येच असते, दोन्ही बॉडींत ती नाही. निकॉनच्या लेन्सवर तेच काम करणारी अक्षरं ‘व्हीआर’. फिल्टर घ्यायचे तर निकॉनला ५२ मिमी, कॅननला ५८ मिमी. फोकस करताना दोन्हींचं पुढचं तोंड फिरतं, म्हणून पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावलात तर आधी फोकस, मग फिल्टर फिरवणं.

ऑटोफोकस कुणाचा चांगला?

निकॉनला ११ बिंदू, कॅननला ९. दोन्हींत मधलाच बिंदू उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, म्हणून अंधारात मधला बिंदू वापरा आणि नंतर चौकट सरकवा. हलत्या विषयाचा पाठलाग निकॉन किंचित चांगला करतो.

फरक जाणवतो तो अंधुक खोलीत. निकॉनच्या पुढ्यात एक छोटा दिवा आहे, तो क्षणभर लागतो, फोकस होतो. कॅननला असा दिवा नाही. फ्लॅश उघडा असेल तर तो त्याच फ्लॅशचे बारीक झटके तडतड मारून फोकस करतो. झोपलेल्या बाळाचा फोटो काढायचा विचार असेल तर फ्लॅश खाली दाबून ठेवा आणि हाताने फोकस करा.

निकॉनला ‘क्यू’ हा शांत मोडही आहे. आरसा खाली येण्याचा आवाज तुम्ही बोट उचलेपर्यंत तो रोखून धरतो. म्हणजे आवाज जातो असं नाही, दोन हप्त्यांत येतो.

हातात घ्यायला कुठला बरा वाटतो?

वजनात फरक नाहीच: बॅटरी आणि कार्डासकट निकॉन ५०५ ग्रॅम, कॅनन ४९५. पण निकॉनच्या मुठीवर रबर आहे, कॅननच्या मुठीला खरखरीत प्लॅस्टिक. घामेजल्या हाताला ते कळतं. निकॉनची चकती अंगठ्याखाली मागे, कॅननची तर्जनीखाली वर. ही सवयीची बाब.

आयएसओसाठी कॅननला वेगळं बटण आहे. निकॉनमध्ये ते नाही. पुढच्या बाजूच्या एफएन बटणाला आयएसओचं काम नेमून द्या. हे पहिल्याच दिवशी करा, नाहीतर दरवेळी मेनूत शिरावं लागेल आणि तोवर पाखरू उडालेलं असेल.

चष्मा असेल तर कॅननकडे झुका. त्याच्या व्ह्यूफाइंडरपासून डोळा २१ मिमी लांब ठेवला तरी पूर्ण चौकट दिसते, निकॉनमध्ये १८ मिमी. शिवाय नंबर जुळवायची छोटी फिरकी कॅननमध्ये −२.५ पर्यंत जाते, निकॉनमध्ये −१.७ पर्यंत. माझा नंबर दोनच्या आसपास आहे. कॅननवर मी चष्मा काढून फोटो काढतो, माझ्याच निकॉनवर नाही.

स्क्रीन निकॉनची ३ इंच, कॅननची २.७, दोन्ही २ लाख ३० हजार ठिपक्यांच्या, म्हणजे आजच्या मानाने धुरकट. फोटो मोठा करून डोळ्यांतली बुबुळं तपासल्याशिवाय फोकस बसला असं समजू नका.

व्हिडिओ?

निकॉन. तो १०८० पी काढणारा निकॉनचा पहिला डीएसएलआर, सेकंदाला २४ फ्रेमने. एक तुकडा जास्तीत जास्त १० मिनिटांचा. कॅनन ७२० पी वर थांबतो. बाहेरचा माइक जोडायची सोय कुणालाच नाही. चालू व्हिडिओत निकॉन स्वतः फोकस करत राहतो खरा, पण त्याची खुडखुड आवाजात येते. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर यातला एकही घेऊ नका, तुमचा फोन पुष्कळ पुढे आहे.

बॅटरी आणि कार्ड आजही मिळतात का?

मिळतात, कारण दोन्ही बॅटऱ्या पुढच्या अनेक मॉडेलांत वापरल्या गेल्या. निकॉनची ईएन-ईएल१४, एका भरणीत प्रमाणित चाचणीनुसार ५५० फोटो. कॅननची एलपी-ई१०, ७०० फोटो. जुन्या बॅटरीकडून निम्म्याची अपेक्षा ठेवा. बाहेरच्या कंपनीच्या स्वस्त बॅटऱ्या निकॉन कधी कधी ओळखायला नकार देतो, विशेषतः फर्मवेअर अपडेट केल्यावर. त्या लावून बघून मगच पैसे द्या.

कार्ड साधं एसडी. ३२ जीबी पुरे. रॉ फाइल निकॉनची साधारण १३ एमबी, कॅननची साधारण १७ एमबी. मेगापिक्सेल कमी असून फाइल मोठी, ती त्या १४ बिटांमुळे. याच वजनाखाली कॅनन रॉमध्ये सेकंदाला दोनच फोटो काढतो आणि पाचेक फोटोंनंतर दम खातो. जेपेगमध्ये दोघेही सेकंदाला तीन. कॅननचं कार्ड बॅटरीच्याच झाकणाखाली असतं, म्हणून ट्रायपॉडची प्लेट लावली की कार्ड काढणं हा एक सोहळा होतो. निकॉनचं कार्ड बाजूला.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

बॉडीची चमक सोडून सगळं. सोबत एक भरलेलं नसलेलं कार्ड आणि तासभर वेळ घेऊन जा.

आधी धूळ. ॲपर्चर एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा, मोठा करून बघा. करडे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. डी३१०० चालू-बंद होताना सेन्सर थरथरवून धूळ झटकतो, ११००डीत ही सोय नाही, त्यामुळे त्याच्यावर ठिपके जास्त सापडतील. थोडे असतील तर रबरी फुग्याने हवा मारून जातात, घाबरू नका. तोंडाने मात्र कधीही फुंकू नका. थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट.

मग शटर. निकॉनच्या प्रत्येक फोटोतच शटरचा आकडा (आजवर किती फोटो काढले तो) लपलेला असतो. ताजा जेपेग घरी आणून एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने वाचता येतो. कॅननचा आकडा फोटोत नसतो, कॅमेरा यूएसबीने जोडून खास सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणारा छातीठोकपणे ‘फक्त पाच हजार’ म्हणत असेल तर त्याला तो दाखवायला सांगा.

लेन्सचं टोपण काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सेन्सरवरची धूळ जाते, काचेतली बुरशी खुणा ठेवून जाते. घेऊ नका, आणि आधीच्या लेन्सशेजारी ठेवू तर मुळीच नका.

झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत दर थांब्यावर फोटो काढा. कॅननवर ‘एरर ०१’ आला तर बॉडी आणि लेन्सचं बोलणं तुटतंय. आधी सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या सुती कापडाने पुसा, बहुतेकदा तेवढंच असतं. पुसूनही झूमच्या एकाच ठरावीक जागी येत राहिला तर लेन्सच्या आतली पट्टी गेलेली असण्याची शक्यता मोठी. निकॉनवर ॲपर्चरच्या जागी आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या तर तिथेही संपर्कबिंदूच आधी पुसून बघायचे.

शेवटी फ्लॅश उघडून दोनदा मारा, मोड डायल प्रत्येक खुणेवर नेऊन बघा, आणि लेन्सचं टोपण लावून तीस सेकंदांचा एक फोटो काढा. काळ्या चौकटीत एखाद-दुसरा लाल-निळा ठिपका असतो, तो या वयाला चालायचाच. ठिपक्यांचं चांदणं दिसलं तर दुसरा कॅमेरा शोधा.

तारे, एचडीआर (उजळ-गडद फोटो एकत्र करणं), टेबलावरच्या वस्तू असे प्रयोग करायचे आहेत.

मग कॅनन. एकाच दृश्याचे उजळ, मध्यम, गडद असे तीन फोटो आपोआप काढणारं ब्रॅकेटिंग त्यात आहे. डी३१००त नाही, तिथे दरवेळी हाताने बदल करायचा आणि ट्रायपॉड हलायची धास्ती बाळगायची. कॅनन यूएसबीने संगणकाला जोडून ईओएस युटिलिटीतून चालवता येतो, समोरचं दृश्यही संगणकावर दिसतं. निकॉनने डी३१००ला ही सोय दिली नाही. त्यावर ११००डीसाठी मॅजिक लँटर्न नावाची, हौशी लोकांनी लिहिलेली मोफत जोड आहे. ती कार्डावरून चालते आणि ठरावीक वेळाने फोटो काढण्यासारख्या कितीतरी गोष्टी देते. कंपनीचा तिला पाठिंबा नाही, करायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर.

पूर्ण नवशिका आहे. कुठल्यावर लवकर शिकेन?

निकॉनमध्ये ‘गाइड’ मोड आहे, तो ‘मागचं धूसर करायचंय’ अशा भाषेत विचारून सेटिंग लावतो. आठवडाभर मजा येते. मग डायल ‘ए’वर, म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटीवर (कॅननवर ‘एव्ही’वर) आणून तिथेच ठेवा.

हातात चांगला फोन आहे. हे जुनं धूड कशाला?

प्रश्न रास्त आहे. रात्री हातात धरून काढलेला फोटो फोन कितीतरी छान करतो, कारण तो अनेक फोटो एकात मिसळतो. यातला एकही कॅमेरा ते करत नाही. पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर फोनमधल्या ‘एक इंची’ म्हणवणाऱ्या मोठ्या सेन्सरच्याही तिप्पट क्षेत्रफळाचा आहे. ३५ एफ/१.८ लावून खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा फोटो काढा: केसांच्या कडेला जी हळूहळू विरत जाणारी धूसरता येते ती काचेतून आलेली असते, हिशेब करून कापलेली नाही. चष्म्याची काडी मागच्या भिंतीत विरघळून जात नाही. तसे फोटो तुम्हाला नको असतील तर हे धूड खरंच घेऊ नका.

त्याच पैशांत डी३२०० किंवा १२००डी मिळत असेल तर?

डी३२०० (२०१२) मिळाला तर डी३१०० विसरा: २४ मेगापिक्सेल, बरी स्क्रीन, माइकची सोयही. लेन्सचे नियम मात्र तेच, फोकस मोटर त्यातही नाही. १२००डी (२०१४) हा ११००डीच, १८ मेगापिक्सेल आणि १०८० पी व्हिडिओसह. थोडाच फरक पडत असेल तर घ्या, पण झिजलेल्या नव्या मॉडेलपेक्षा कपाटात पडून राहिलेलं जुनं मॉडेल मी उचलेन.

तुम्हाला एकच ठेवायला सांगितला तर?

किट लेन्स, ३५ मिमी आणि रॉ फाइलवर बसून काम, हे माझं रोजचं आहे, म्हणून डी३१००. बहीण कुठून कुठून जुन्या लेन्स गोळा करते, तिला कॅननच हवा. आम्ही अदलाबदल करून पाहिली होती, तीन आठवड्यांत ज्याचा त्याला परत केला.

पुढे मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तर आजच्या लेन्स वाया जातील का?

नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीच्या ॲडॅप्टरने आर मालिकेवर लागतात आणि ऑटोफोकसही करतात. फुल-फ्रेम बॉडीवर ईएफ-एस लावली की चौकट आपोआप लहान होते. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड ॲडॅप्टरने झेड मालिकेवर तशाच चालतात. डी३१००वर रुसून बसणारी एएफ-पी लेन्सही तिथे मुकाट्याने फोकस करते. माझी ती ५० मिमी ‘डी’ मात्र तिथेही हातानेच फिरवावी लागेल, कारण या ॲडॅप्टरमध्येही मोटर नाही.